कॅमेरा हलत नाही तेव्हा : ‘कोर्ट’मधला काळा विनोद

२०१४ साली व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात सुवर्णसिंह मिळाला तो स्वीडनच्या रॉय अँडरसन यांच्या ‘अ पिजन सॅट ऑन अ ब्रांच रिफ्लेक्टिंग ऑन एक्झिस्टन्स’ या चित्रपटाला. त्याच महोत्सवात ‘ओरिझोंती’ विभागातला सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’. हा योगायोगच. पण दोन्ही चित्रपट शेजारी ठेवून पाहिले, तेव्हा ज्याला आपण काळा विनोद म्हणतो तो नेमका कुठे घडतो, हे मला थोडे कळले.

सिनेमाचे रीतसर शिक्षण माझ्यापाशी नाही. एकलहऱ्याच्या वीज केंद्राच्या वसाहतीत राहून, मिळतील ते चित्रपट पुन्हापुन्हा पाहून आणि वहीत टिपणे करून जे हाती लागले, तेवढ्यावर हे लिहितो आहे.

अँडरसन यांच्या चित्रपटात एका जहाजाच्या उपाहारगृहात एक माणूस मरून पडलेला आहे. त्याने बिअर आणि सँडविचचे पैसे आधीच दिलेले असतात. गल्ल्यावरच्या बाईपुढे प्रश्न पडतो : आता हे कुणाला द्यायचे? ती लोकांना विचारते. एकजण पुढे येऊन बिअर उचलतो. कॅमेरा जागचा हलत नाही. ना मृताच्या चेहऱ्याजवळ जातो, ना बिअर नेणाऱ्याच्या. संगीताची खूणही नाही. हसायचे की नाही, हे ज्याचे त्याने ठरवायचे.

मराठी रसिकाला हे परके वाटू नये. सतीश आळेकरांचे ‘महानिर्वाण’ १९७४चे. त्यातले भाऊराव मेल्यावर स्वतःच कीर्तनाला उभे राहतात आणि बंद झालेल्या जुन्या स्मशानातच आपल्याला जाळावे म्हणून अडून बसतात. पण तिथे मृतच आपल्याशी बोलतो, हसण्याची परवानगी तोच देतो. ‘कोर्ट’मध्ये अशी परवानगी देणारे कुणीच नाही.

नारायण कांबळे हा वयस्क लोकशाहीर. त्याच्या गाण्यामुळे वासुदेव पवार या गटारसफाई कामगाराने आत्महत्या केली, असा त्याच्यावर आरोप आहे. वीरा साथीदार यांनी हा शाहीर कुठलाही आव न आणता उभा केला आहे. सरकारी वकील नूतन कायद्याची कलमे सलग, एका सुरात वाचते. १८७६चा नाट्यप्रयोग कायदा तेव्हाही लागू होता, हे आपल्याला कळते. बिनबाह्यांचे कपडे घालून आली म्हणून एका बाईचे प्रकरण न्यायाधीश त्या दिवशी ऐकूनच घेत नाहीत. चित्रपटगृहात इथे हशा पिकतो. मग वासुदेवची विधवा साक्षीला येते. नवरा गटारात उतरण्याआधी आत खडा टाकायचा, झुरळे वर आली तर खाली हवा आहे असे समजायचा. हेही त्याच अंतरावरून, त्याच स्थिर चौकटीत दिसते. मघाचे हसू घशात अडकते. विनोदासाठी एक कॅमेरा आणि दुःखासाठी दुसरा, अशी सोय दिग्दर्शकाने ठेवलेली नाही.

माझ्या दृष्टीने चित्रपटाचे मर्म मात्र न्यायालयाबाहेरच्या एका प्रसंगात आहे. नूतन कुटुंबासह मराठी नाटकाला जाते. नाटकातला बाप मुलीने पसंत केलेल्या परप्रांतीय तरुणाला घराबाहेर काढतो. नाट्यगृह टाळ्यांनी दणाणते. २०१५च्या एप्रिलमध्ये नाशिकला मी हा चित्रपट पाहिला, तेव्हा शेजारी वसाहतीतले एक जुने मित्र बसले होते. मूळचे उत्तर प्रदेशातले, कोळसा हाताळणी विभागात हयात घालवलेले. मराठी माझ्याइतकेच चांगले बोलतात. नाटकातल्या एका वाक्याला मी मोठ्याने हसलो. शेजारची खुर्ची गप्प होती.

२००८ साली नाशिकमध्ये परप्रांतीयांवर हल्ले झाले आणि पुष्कळ कामगार शहर सोडून गेले. ते दिवस या मित्राने आमच्याच आसपास काढले होते. परतीच्या वाटेवर ते एवढेच म्हणाले, “भाऊ, पिक्चर चांगला होता.” पुढे आम्ही दोघेही बोललो नाही.

तो प्रसंग मी नंतर अनेकदा पाहिला. कॅमेरा आपल्याला नाटकाच्या प्रेक्षकांतच नेऊन बसवतो. रंगमंचावरचा विनोद सोपा आहे, ठरल्या जागी हशा घेणारा आहे. न्यायालयात कुणावर हसावे हे आपल्याला सुचत नव्हते, इथे ते आयते मिळते. त्या सवयीने आपण हसतो आणि नूतनच्या रांगेतले होतो. ती दुष्ट नाही. लोकलने घरी जाते, स्वयंपाक करते, नाटकाला हसते आणि दुसऱ्या दिवशी एका म्हाताऱ्याला तुरुंगात ठेवण्यासाठी युक्तिवाद करते. साध्या विनोदात हसणाऱ्याला मोकळे सोडलेले असते. काळा विनोद त्यालाही साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा करतो.

एक तक्रार नोंदवायला हवी. शेवटी उन्हाळी सुट्टी लागते, न्यायालयातले दिवे एकेक करून मालवतात, पडदा काळा होतो. चित्रपट इथे संपला असता तर? पण त्यानंतर सहलीला गेलेले न्यायाधीश बाकावर डुलकी घेताना दिसतात. मुले ओरडून त्यांची झोपमोड करतात, ते एका मुलाला थप्पड मारतात आणि पुन्हा झोपतात. एवढा वेळ निवाडा न देणारा चित्रपट इथे निवाड्याच्या फार जवळ जातो. न्यायाधीशांकडे बोट दाखवता आले की प्रेक्षकाची सुटका होते. अँडरसन अशी सुटका देत नाहीत.

तरीही ‘कोर्ट’ मला अँडरसन यांच्या चित्रपटापेक्षा जवळचा वाटतो. ते आपले जग स्टुडिओत, फिकट रंगांत उभारतात. ते पाहताना ‘हे आपले नव्हे’ म्हणण्याची पळवाट मला सापडते. ‘कोर्ट’मध्ये ती सापडली नाही. तिथली गटारे, लोकल, नाट्यगृह आपले आहे. आणि त्या दिवशीचे ते हसूही माझेच होते.