डिफरन्शियल रिले : एका सोप्या व्याख्येची तपासणी

मोठ्या रोहित्राच्या संरक्षणाविषयी पुस्तकांत बहुधा एवढेच सांगितलेले असते : आत जाणारी व बाहेर पडणारी विद्युतधारा सारखी नसली, की डिफरन्शियल रिले दोष ओळखतो आणि ब्रेकर उघडतो. व्याख्या सुटसुटीत आहे. पण ती तीन ठिकाणी अपुरी पडते.

पहिले, या धारा मुळात सारख्या नसतातच. १३२/३३ किलोव्होल्टच्या रोहित्रात ३३ किलोव्होल्ट बाजूची धारा चौपट असते. सीटी वापरून त्या एका मापावर आणल्यावरच तुलना होते.

दुसरे, निर्दोष रोहित्र जोडताना त्याचा लोखंडी गाभा चुंबकीयदृष्ट्या संपृक्त होऊ शकतो. मग जोडलेल्या बाजूने पूर्णभाराच्या कित्येक पट धारा शिरते. दुसऱ्या बाजूने काहीच बाहेर पडत नाही. व्याख्येप्रमाणे हा दोषच! मात्र या धारेत ५० हर्ट्झबरोबर १०० हर्ट्झचा घटकही ठळक असतो. तो ओळखून रिले थांबतो.

तिसरे, मोजक्याच वेढ्यांमधला दोष या तुलनेतून निसटू शकतो. तेव्हा तेलातून निघणारा वायू बुखोल्झ रिलेला इशारा देतो.

चुकून ब्रेकर उघडला तर गावे अंधारात. उघडला नाही तर रोहित्र जळते. रिलेचे खरे काम या दोन्ही चुका टाळण्याचे आहे. म्हणून व्याख्या पाठ करून घेण्याआधी वर्गात विचारावे : रोहित्र जोडताक्षणीच रिले का फसत नाही?