मांड कोणाचा, वाद्य कोणाचे?

पौषातल्या चांदण्या रात्री पेडण्याच्या एखाद्या वाड्यावरून चालत गेलात, तर सारवलेल्या मांडावर समोरासमोर दोन रांगा करून, एकमेकींच्या कमरेला हात घालून धालो खेळणाऱ्या बायका अजूनही दिसतील. एक रांग गाते, दुसरी ते उचलते. पावले पुढे जातात, मागे येतात. मांडावर पुरुषाला पाय ठेवायची मुभा नाही. आम्ही मुलगे लहानपणी माडाच्या आडून बघत असू. त्या गाण्याला पेटी नसते, तबला नसतो, आणि कवीचे नावही नसते. लय सांभाळतात ती पावले.

हे सारे आठवायचे कारण जरा चमत्कारिक आहे. गेल्या मे महिन्यात माझी धाकटी कन्या मोबाइलवर काही गाणी ऐकत होती. भाषा जपानी, आणि प्रकार रॉक. रॉक म्हटले की आम्हा पेडणेकरांच्या डोळ्यांसमोर येतो तो हरमल-मोरजीच्या किनाऱ्यावरून रात्री-अपरात्री येणारा धडधडाट. मी कपाळाला आठ्या घातल्या. ती म्हणाली, "बाबा, वाजयतत तीं पण चेडवांच!" त्या एका वाक्याने मी चष्मा लावून तिच्या शेजारी बसलो. पुढे पावसाळाभर ही गाणी ऐकली. अर्थ तिने इंग्रजी भाषांतरावरून सांगितला. माझे मत तेवढ्याच आधारावर उभे आहे, हे रसिक वाचकांनी लक्षात ठेवावे.

पहिले नाव 'प्रिन्सेस प्रिन्सेस' या पाचजणींचे. १९८३ साली एका ध्वनिमुद्रण कंपनीने चाचणी घेऊन या मुली निवडल्या आणि त्यांना 'आकासाका कोमाची' असे नाव दिले. म्हणजे आरंभी त्या कंपनीच्या हातातल्या बाहुल्याच. पुढे त्यांनी ते नाव टाकले, नवे घेतले आणि आपली गाणी आपणच रचायला सुरुवात केली. १९८९ साली जपानच्या वार्षिक विक्रीच्या यादीत पहिले गाणे त्यांचे 'डायमंड्स' आणि दुसरेही त्यांचेच होते. 'डायमंड्स'चे शब्द गिटार वाजवणाऱ्या कानाको नाकायामाचे, चाल गायिका काओरी ओकुईची. त्या वर्षी मी म्हापशाला कॉलेजात होतो. आमच्या स्नेहसंमेलनात मुली गात आणि वाजवायला मुलगे असत. हे असे का, असा प्रश्न आमच्यापैकी कोणालाच पडला नव्हता.

'डायमंड्स' उसळते आहे, कानाला लगेच भावते. पण मला मोठे वाटले ते त्याच तबकडीच्या मागच्या बाजूचे 'एम' हे संथ गाणे. त्याचे शब्द क्योको तोमिताचे, म्हणजे ड्रम वाजवणारीचे. गाणे आहे तुटलेल्या प्रेमाचे. नायिका पत्त्यांची वही उघडते, 'एम' या अक्षरावरून नुसते बोट फिरवते आणि फोन मात्र करत नाही. एवढेच. विरहाला चंद्र, मेघ, कोकिळा यांची आपल्या काव्याला सवय आहे. इथे घरातली एक वही पुरते. आणि जिने ही व्यथा लिहिली तीच मागे बसून तिचा ठेका धरते! भावना तिची आणि कालमापनही तिचेच. धालोतही नेमके हेच आहे: जिच्या तोंडी शब्द, तिच्याच पायात लय. फरक इतकाच की धालोत 'मी' क्वचित येते, तिथे सारा वाडा बोलतो. 'एम'मध्ये एकटी बोलते. धालोतल्या बाईला मांड संपला की आपले दुःख पदरात बांधून घरी न्यावे लागते. ते नाव घालून सांगायची सोय तिला नव्हती.

दुसरे पथक ओसाकाचे, 'शोनेन नाइफ'. नाओको यामानोने १९८१ साली बहीण आत्सुको आणि मैत्रीण मिचिए नाकातानी यांच्यासह ते काढले. आरंभी नाओको कचेरीत नोकरी करी आणि उरलेल्या वेळात गिटार वाजवी. यांच्या गाण्यांचे विषय म्हणजे खाऊ, प्राणी, सहली. चाली साध्या, मोजक्या स्वरमेळांच्या. १९९१ साली अमेरिकेच्या 'निर्वाणा' या पथकाबरोबर त्यांनी इंग्लंडचा दौरा केला. ही गाणी प्रथम ऐकून मी हसलो, बालिश म्हणालो. मग सासुरवाडीला, डिचोली तालुक्यात, चवथीच्या फुगड्या ऐकताना माझे मलाच ओशाळल्यासारखे झाले. भाकरी, विहीर, माहेरची वाट, दीर-नणंदा हे फुगडीचे विषय आम्ही लोकसाहित्य म्हणून अभ्यासतो, त्यांवर प्रबंध लिहितो. आणि ओसाकाच्या मुलीने खाऊवर गाणे केले तर ते बालिश? तरीही एक उणीव सांगितली पाहिजे. फुगडीच्या थट्टेत सासरचा काच दडलेला असतो, हसता हसता ती बोचते. 'शोनेन नाइफ'ची सलग दहा गाणी ऐकली की गोडी पातळ होत जाते. बोचणारे काही सापडत नाही.

पुढच्या पिढीबद्दल माझे मन द्विधा आहे. २००६ साली ओसाकातच चार शाळकरी मुलींनी 'स्कँडल' हे पथक काढले आणि आरंभी त्या शाळेच्या गणवेशात मंचावर येत. २०१३ सालच्या 'बँड-मेड'ने मोलकरणीचा झालरदार पोशाख घेतला. मी गणवेशातल्या मुलींमध्ये आयुष्य काढलेला माणूस; गणवेशाचा असा बाजार मला खटकला. कन्येचे म्हणणे असे, की 'बँड-मेड'मध्ये तो पोशाख हीच थट्टा आहे. कपडे सेविकेचे आणि वादन कोणापुढे न वाकणारे. युक्तिवाद बरा आहे, पण मला पुरता पटलेला नाही. थट्टा कळायला आधी तो पोशाख विकला जावा लागतो. 'स्कँडल'ने मात्र गणवेश मागे टाकला, हळूहळू स्वतःची गाणी रचली, आणि २०२३ साली त्याच चार सभासदांसह सर्वाधिक काळ टिकलेले महिलांचे रॉक पथक म्हणून गिनीज विक्रमात नोंद मिळवली. सतरा वर्षे चौघीजणी एकत्र! लग्न, मुले, गाव बदलणे यांत आपल्याकडची किती महिला पथके इतकी टिकतात, हे ज्याचे त्याने आठवून पाहावे.

गोमंतकाला गाणाऱ्या बाईचे कौतुक नवे नाही. फोंड्याच्या केरी गावच्या केसरबाई केरकरांची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांच्या तबकडीवरून अंतराळात गेली. त्याच तबकडीवर जपानी बासरीही आहे. पण आपण कौतुक केले ते कंठाचे. वाद्य बहुधा पुरुषाच्या हाती राहिले. दशावतारात तर बाईची भूमिकाही पुरुषानेच करायची, अशी परंपरा. महिलांच्या भजनी मंडळांनी हे चित्र पुष्कळ बदलले आहे. पण आजही अनेक गावांत बायका गातात आणि पखवाजाला शेजारचे कोणी भाऊ बोलवावे लागतात.

इथे मला स्वतःविषयी एक गोष्ट सांगितली पाहिजे. नोकरीच्या पहिल्या वर्षांत, ज्या हायस्कुलात मी शिक्षक होतो तिथे नववीतली एक मुलगी स्नेहसंमेलनात ढोलकी वाजवू का, म्हणून विचारायला आली. घरी काकांची ढोलकी वाजवून तिने हात तयार केला होता. मी म्हणालो, "तू गा गो बाय, वाजवायला मुलगे आहेत." ती गायली. चांगली गायली. ढोलकीवर बसवलेला मुलगा दोनदा ताल चुकला आणि तिने त्याच्याकडे न बघता गाणे सावरले. टाळ्या पडल्या. मी तिला पेन बक्षीस दिले. 'एम' ऐकताना मागे बसून ठेका धरणारी ती तोमिता दिसली आणि तीस वर्षांपूर्वीची ती मुलगी आठवली. मी तिचा मांड काढून घेतला होता आणि वर पेन देऊन मोकळा झालो होतो.

आपल्या घरांत कोकणी बोलतात, मराठी वाचतात, आरती एका भाषेत म्हणतात आणि भांडतात दुसरीत. दोन भाषांत वावरणाऱ्यांना तिसऱ्या भाषेतले गाणे परके वाटायचे कारण नाही. जपानी गाण्यांनी धालोची जागा घ्यावी, असे मी म्हणत नाही. पण आपल्या आज्यांनी जो मांड पुरुषांविना चालवला, त्याचेच तत्त्व या मुलींनी विजेच्या गिटारीवर चालवले आहे, हे आपल्या लेकींना सांगण्यासारखे आहे. धालोला वाद्य नव्हते. ते का नव्हते, हाही प्रश्न आता विचारला पाहिजे; सारेच उत्तर सौंदर्यशास्त्रात सापडणार नाही.

यंदाच्या स्नेहसंमेलनासाठी मी सूचनाफलकावर लिहिले आहे: वादनासाठी नावे द्यावीत, मुली आणि मुलगे. 'मुली' हा शब्द मुद्दाम आधी लिहिला. आजवर चार नावे आली आहेत. त्यातले एक ढोलकीसाठी आहे, आणि ते मुलीचे आहे.