बशीतल्या पेशींची साक्ष

एखादे रसायन कर्करोगकारक आहे की नाही, हे ठरवण्याची रूढ पद्धत म्हणजे ते उंदरांना सुमारे दोन वर्षे देत राहायचे आणि गाठी होतात का ते पाहायचे. यात वेळ, पैसा आणि शेकडो प्राणी खर्ची पडतात. वापरातल्या हजारो रसायनांची अशी परीक्षा घेणे शक्य नाही. म्हणून संवर्धित पेशींवरील जलद चाचण्या पुढे आल्या. त्यांचे कौतुक पुष्कळ होते, पण त्यांचे खरे मोल आणि त्यांच्या मर्यादा दोन्ही नीट सांगितल्या जात नाहीत.

१९६३ साली इस्रायलमधील बर्वाल्ड आणि साक्स यांनी हॅमस्टरच्या गर्भातील पेशी पोषक द्रवात वाढवल्या आणि त्यांवर बेंझोपायरीनसारखी कर्करोगकारक रसायने टाकली. बेंझोपायरीन धुरात व डांबरात असते. निरोगी पेशी शिस्तीत शेजारी शेजारी पसरतात. रसायनामुळे बदललेल्या पेशी मात्र एकमेकींवर चढत आडव्यातिडव्या वाढू लागल्या. अशा वसाहती मोजणे, हीच चाचणी.

तिचे मोल ॲस्बेस्टॉसच्या उदाहरणावरून कळते. १९७०च्या दशकात ब्रूस एम्स यांनी जीवाणूंवरील स्वस्त चाचणी रूढ केली. तीत रसायनामुळे जीवाणूंच्या जनुकांत उत्परिवर्तन होते का, ते पाहतात. या चाचणीत ॲस्बेस्टॉस निर्दोष ठरते! माणसात मात्र त्यामुळे फुप्फुसाचा व फुप्फुसावरणाचा कर्करोग होतो. असे का? जीवाणू ॲस्बेस्टॉसचे तंतू गिळू शकत नाहीत. हॅमस्टरच्या पेशी ते गिळतात. पेशीविभाजनाच्या वेळी हे तंतू मध्ये येतात आणि गुणसूत्रांची वाटणी बिघडते. जे जीवाणूंना दिसले नाही, ते प्राणिपेशींनी दाखवले.

आता मर्यादा. बशीत यकृत नसते. अनेक रसायने शरीरात गेल्यावर, तिथल्या विकरांमुळे बदलूनच घातक होतात. हे काम सर्वच संवर्धित पेशींना जमते असे नाही. दुसरे, उंदीर-हॅमस्टरच्या पेशी सहज बदलतात, तर माणसाच्या निरोगी पेशी बशीत क्वचितच तशा बदलतात. तिसरे, कोणती वसाहत 'बिघडलेली' हे बहुधा डोळ्यांनीच ठरते आणि दोन निरीक्षकांचे मत वेगळे पडू शकते. ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१५ व २०१६ मध्ये अशा दोन चाचण्यांविषयी मार्गदर्शक दस्तऐवज काढले. पण अधिकृत चाचणी-निर्देशाचा दर्जा त्यांना दिला नाही, तो याच सावधपणामुळे असे म्हणावे लागते.

तेव्हा 'अमुक पदार्थाने कर्करोग होतो' अशी बातमी विद्यार्थ्यांनी वर्गात आणली, तर त्यांना तीन प्रश्न विचारायला शिकवावे: कोणत्या पेशींवर पाहिले? किती मात्रेत? प्राण्यांत आणि माणसांत काय आढळले? यातला धोका दुहेरी आहे. एका चाचणीवरून घबराट पसरवणे जसे चूक, तसेच एका चाचणीत उत्तीर्ण झाले म्हणून निर्धास्त होणेही चूक, आणि ते अधिक महागात पडणारे. अनेक शाळांच्या छपरांवर अजून ॲस्बेस्टॉस-सिमेंटचे पत्रे आहेत. असा पत्रा कापताना किंवा त्याला भोक पाडताना उडणारी धूळ मुलांच्या छातीत जाऊ नये, एवढी काळजी तर आपण आजच घेऊ शकतो.