आधी साक्षीदार तपासा: इंजिन ट्यूनिंगच्या पहिल्या धड्याची चिकित्सा

तत्त्वज्ञानाच्या माणसाचं मोटारीच्या इंजिनाशी काय काम, असं मला विचारलं गेलं. काम आहे. एखादी गोष्ट आपल्याला कशावरून कळली आणि जे कळलं ते खरं कशावरून, हा आमच्या शास्त्रातला फार जुना प्रश्न. इंजिनाचा संगणक ट्यून करायला बसलेल्या नवशिक्यापुढे तोच प्रश्न पहिल्या मिनिटापासून उभा असतो. पण त्याला मिळणारे धडे बहुतेक वेळा तो प्रश्न गाळूनच पुढे जातात. आज त्या धड्यांची चिकित्सा करायची आहे.

आधी विषय समजून घेऊ. इंजिनाचा संगणक, म्हणजे ईसीयू, मुख्यतः दोन गोष्टी ठरवतो: पेट्रोल किती सोडायचं आणि ठिणगी केव्हा टाकायची. त्यासाठी त्याच्याजवळ तक्ते असतात. एका बाजूला इंजिनाचे फेरे, दुसऱ्या बाजूला मॅनिफोल्डमधल्या हवेचा दाब, आणि प्रत्येक खान्यात एक आकडा. हे आकडे बदलणं म्हणजे ट्यूनिंग. उदाहरण म्हणून मी मेगास्क्वर्ट घेतो. अमेरिकेत ब्रूस बाउलिंग आणि अल ग्रिप्पो यांनी २००१ च्या सुमारास ते पुढे आणलं. सुटे भाग घ्यायचे, स्वतः सोल्डरिंग करायचं आणि आपल्या गाडीला आपणच संगणक बसवायचा, अशी ती कल्पना. सुरुवातीच्या मेगास्क्वर्टमध्ये पेट्रोलचा तक्ता ८ गुणिले ८, म्हणजे ६४ खान्यांचा होता.

आता नेहमीचा धडा कसा असतो बघा. तयार फाइल भरा, हवा आणि पेट्रोलचं हवं ते प्रमाण ठरवा, लॅपटॉपवर ऑटोट्यून चालू करा आणि गाडी फिरवून आणा. तक्ता आपोआप दुरुस्त होतो! ऐकायला किती सोपं. यात तीन गोष्टी न तपासताच खऱ्या मानलेल्या आहेत.

पहिली गोष्ट, ती तयार फाइल. न्यायशास्त्राच्या भाषेत हे शब्दप्रमाण. शब्द प्रमाण केव्हा मानायचा? सांगणारा आप्त असेल तेव्हा, म्हणजे त्याला ती वस्तू स्वतः माहीत असेल आणि तो प्रामाणिकपणे सांगत असेल तेव्हा. फाइल बनवणारा जाणकारही असेल, प्रामाणिकही असेल. पण तो आप्त आहे त्याच्या इंजिनाबाबत. त्याचे इंजेक्टर वेगळे, कॅमशाफ्ट वेगळा, इंधनही वेगळं. शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने सुमारे १४.७ पट हवा लागते. २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला साधारण १३.५ पट पुरते. म्हणजे शुद्ध पेट्रोलसाठी केलेला तक्ता आपल्याकडच्या पंपावरच्या इंधनावर मिश्रण लीन करणार. परक्या फाइलीवर इंजिन सुरू होईल, एवढीच तिच्याकडून अपेक्षा ठेवावी.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. ऑटोट्यून ज्याच्या भरवशावर चालतं तो एक्झॉस्टमधला लॅम्ब्डा सेन्सर काय बघतो? नवशिक्याला वाटतं, तो पेट्रोल बघतो. नाही हो! तो मुख्यतः उरलेला ऑक्सिजन बघतो. ऑक्सिजन उरला, त्या अर्थी पेट्रोल कमी पडलं, हे अनुमान आहे. डोंगरावर धूर दिसला, त्या अर्थी तिथे अग्नी आहे, हे नैयायिकांचं उदाहरण तुम्हाला ठाऊक आहे. तशातलाच हा प्रकार. आणि अनुमान म्हटलं की हेत्वाभासाची भीती आलीच.

समजा, एक प्लग खराब आहे आणि गाडी मिसिंग करते आहे. त्या सिलिंडरमध्ये पेट्रोल भरपूर आहे, पण ते पेटलंच नाही. मग त्यातला ऑक्सिजन न वापरता तसाच बाहेर पडतो. सेन्सर म्हणतो, मिश्रण लीन. ऑटोट्यून पेट्रोल वाढवतं. प्लग आणखी काळा पडतो, मिसिंग वाढतं, सेन्सर पुन्हा तेच म्हणतो. सेन्सरच्या आधी एक्झॉस्टला बारीकशी गळती असली, तरी बाहेरची हवा आत जाऊन असंच होऊ शकतं. ज्या खुणेवरून आपण निष्कर्ष काढतो ती खूण दुसऱ्या कारणानेही उमटत असेल, तर आमच्याकडे त्या हेतूला सव्यभिचार म्हणतात. ऑटोट्यून इमानदार कारकून आहे. साक्षीदार खोटं बोलला तर ते खोटंसुद्धा तो सुवाच्य अक्षरात तक्त्यात उतरवतो.

तिसरी गोष्ट, 'गाडी नीट चालते म्हणजे आकडा बरोबर आहे' हा समज. पेट्रोलच्या या तक्त्यातला आकडा खरं तर सिलिंडर हवेने किती भरला याचा असतो. तो काही मनाला येईल तसा फिरवायचा स्क्रू नाही. आता इंजेक्टर घ्या. विजेचा इशारा मिळाल्यावर तो उघडायला साधारण एक मिलिसेकंद लागतो, आणि व्होल्टेज उतरलं की त्याहून जास्त. आयडलिंगला सगळा इशाराच दोन-तीन मिलिसेकंदांचा असतो. हा उघडण्याचा वेळ संगणकात चुकीचा भरला, तर ऑटोट्यून ती चूक हवेच्या तक्त्यात मुरवून टाकतं. गाडी छान चालते. मग एका रात्री हेडलाइट आणि पंखा एकदम लागतो, व्होल्टेज उतरतं आणि आयडलिंग डगमगायला लागतं. नवशिक्या पुन्हा तक्त्यातच हात घालतो, कारण रोग कुठे लपवला आहे हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

आणि ठिणगीचं तर विचारूच नका. मिश्रणाला निदान एक साक्षीदार आहे. टायमिंग पुरेसं झालं हे रस्त्यावर सांगणारा असा कुणी नाही. त्यासाठी डायनोवर टॉर्क मोजावा लागतो. टायमिंग फार पुढे नेलं की नॉकिंग होतं, आणि भर लोडवर ते चालू राहिलं तर पिस्टन फुटतो. गोंगाटात ते कानाला उशिरा कळतं. पहिलं मेगास्क्वर्ट फक्त पेट्रोल सांभाळायचं, ठिणगी जुन्या डिस्ट्रिब्यूटरकडेच राहायची. ती मर्यादा होती, पण शिकणाऱ्यासाठी फार चांगली मर्यादा होती, असं माझं मत आहे.

मेगास्क्वर्टचं श्रेय नाकारायचं नाही. बंद पेटी त्यांनी सामान्य माणसापुढे उघडली, आणि पेटीत काय आहे हे कळणं आवश्यक आहे. फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्यांतलं सॉफ्टवेअर चाचणी चालू आहे हे ओळखून वागणूक बदलत होतं, हे २०१५ साली उघड झालं. जगभरातल्या सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांचा तो प्रश्न होता. पण याच युक्तिवादाच्या आडून कुणी कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून टाकत असेल, तर ते मला मान्य नाही. इंजिन तुमचं आहे, धूर मात्र शेजाऱ्याच्या पोराच्या नाकात जातो.

मग पहिला धडा कसा असावा? आठवडाभर एकही आकडा बदलू नये, फक्त नोंदी घ्याव्यात. चावी फिरवा, इंजिन सुरू करू नका, आणि दाबाचा सेन्सर बघा. त्या वेळी त्याने बाहेरच्या हवेचा दाब दाखवायला हवा: मुंबईत साधारण १०१ किलोपास्कल, पुण्यात उंचीमुळे ९५ च्या आसपास. रात्रभर उभ्या गाडीत हवेचं आणि कूलंटचं तापमान जवळजवळ सारखं दिसायला हवं. संगणक टायमिंग १० अंश म्हणतो, तर टायमिंग लाइट लावून पुलीवर खरंच १० आहे का ते पाहा. प्लग आणि एक्झॉस्टची गळती तपासा. हे सगळं जुळलं की मूळ फाइलची प्रत ठेवा आणि एकच गोष्ट बदला. बदलण्याआधी वहीत लिहा, की आता काय व्हायला हवं. झालं नाही, तर आकडा सोडा आणि आपलं गृहीतक तपासा.

यात मजा कमी वाटेल, मला कबूल आहे. पण या वाटेने शिकणाऱ्याला आपल्या इंजिनाबद्दल काहीतरी खरोखर कळतं. नुसतं ऑटोट्यून चालवणाऱ्याजवळ भरलेला तक्ता असतो, आणि तो असा का भरला हे त्याला सांगता येत नाही.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.