निवेदकाचे एक वाक्य

जॉन बर्जरची 'वेज ऑफ सीइंग' ही बीबीसीची चार भागांची मालिका १९७२ची. पहिल्या भागात व्हॅन गॉगचे गव्हाचे शेत आणि त्यावर उडणारे कावळे आधी नुसते दिसतात. मग बर्जर सांगतो, आत्महत्येपूर्वीचे हे त्याचे शेवटचे चित्र. शेत तेच, कावळे तेच; पण आता आपण मृत्यू पाहू लागतो. शब्द चित्राला कसे वाकवतात, हेच त्याला दाखवायचे आहे.

गंमत अशी की ते वाक्यच चुकीचे. त्यानंतरही व्हॅन गॉग रंगवत होता. 'झाडांची मुळे' हे त्याचे अखेरचे चित्र, असे अभ्यासक आज मानतात. चुकीच्या वाक्यानेही चित्र बदललेच. बर्जरचा मुद्दा त्याच्या चुकीने अधिक पक्का होतो.

मी अनुवादक. एका कवीच्या अनुवादाला मी प्रस्तावनेत त्याच्या आजारपणाची हकीकत जोडली. नंतर भेटलेले वाचक आजारपणाबद्दलच बोलत. कवितेबद्दल कुणी नाही. चित्रकारांवरचे बहुतेक माहितीपट हेच करतात: कॅमेरा चित्रावर स्थिरावण्याआधीच चरित्र सुरू होते. बर्जर निदान शेवटी बजावतो, माझ्या मांडणीकडेही संशयाने पाहा.

पुढच्या आवृत्तीत ती हकीकत मी कवितांनंतर छापणार आहे.