'शांतिसेना' : एका समासाचा विग्रह

आंतरराष्ट्रीय शांततेसंबंधीचे भारताचे ध्येय आणि त्याचे प्रत्यक्ष आचरण यांतील अंतराची चर्चा बहुधा राज्यशास्त्राचे अभ्यासक करतात. तथापि ते अंतर भाषेतही उमटलेले आहे, आणि 'शांतिसेना' या एकाच मराठी शब्दात ते पुरेसे स्पष्ट दिसते.

या सामासिक शब्दाचा विग्रह दोन प्रकारे संभवतो. 'शांतीने कार्य करणारी सेना' असा मध्यमपदलोपी विग्रह केल्यास साधन आणि साध्य एकच ठरतात. गांधीजींनी १९३८ साली 'हरिजन'मधून मांडलेली व विनोबांनी १९५७ साली केरळात मूर्त केलेली निःशस्त्र शांतिसेना ती हीच. 'शांतीसाठी सेना' असा चतुर्थी तत्पुरुष मानल्यास मात्र शांती केवळ हेतू उरते. साधन कोणते, हे समास सांगत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या ध्वजाखाली गेलेली भारतीय पथके या दुसऱ्या अर्थाची होत. नागपूरच्या अभ्यासकाला दोन्ही अर्थ हाकेच्या अंतरावर आहेत : एकीकडे सेवाग्राम-पवनार, दुसरीकडे कामठीची छावणी.

संविधानाचा ५१वा अनुच्छेद आंतरराष्ट्रीय शांततेच्या संवर्धनासाठी राज्याने प्रयत्नशील राहावे असे सांगतो, आणि लवादाने तंटे मिटविण्यास प्रोत्साहन देण्याचाही निर्देश करतो. त्यात सैन्याचा उल्लेख नाही. तो अनुच्छेद मार्गदर्शक तत्त्वांत असल्यामुळे न्यायालयाकरवी अंमलातही आणता येत नाही. समासातील रिकामी जागा येथेही रिकामीच राहिली आहे.

ती जागा आचरणाने कशी भरली गेली, हे पाहण्यासारखे आहे. १९५३-५४ मध्ये कोरियातील बावीस हजारांहून अधिक युद्धकैद्यांचा ताबा भारतीय दलाकडे होता. त्याचे प्रमुख मेजर जनरल एस. पी. पी. थोरात हे कोल्हापूरकडचे. कैद्यांनी एका भारतीय अधिकाऱ्यास डांबून ठेवले तेव्हा थोरात मोजक्या सहकाऱ्यांनिशी आत गेले आणि बोलण्याच्या बळावर त्याची सुटका करून आले. या मोहिमेतही काही प्रसंगी गोळीबार झाला. तरीही पहिल्या विग्रहाच्या इतक्या जवळ भारतीय सैन्य क्वचितच गेले असेल. थोरातांना मिळालेला सन्मान अशोकचक्र, द्वितीय वर्ग, हा होता, म्हणजे शत्रूशी सामना नसताना दाखविलेल्या शौर्याचा.

काँगोत चित्र बदलले. लुमुंबांच्या हत्येनंतर फेब्रुवारी १९६१ मध्ये सुरक्षा परिषदेने अखेरचा उपाय म्हणून बळाच्या वापरास मुभा दिली, आणि भारताने आपली ब्रिगेड धाडली. ५ डिसेंबर १९६१ रोजी एलिझाबेथव्हिल येथे कॅप्टन गुरबचन सिंग सलारिया धारातीर्थी पडले. त्यांना परमवीरचक्र देण्यात आले. हे पदक शत्रूसमोरील पराक्रमासाठी असते. शांतिरक्षकाला तत्त्वतः शत्रू नसतो. तेव्हा कोरियाच्या आणि काँगोच्या पदकांमधील हा फरक केवळ औपचारिक मानता येणार नाही : आठ वर्षांत शब्द तोच राहिला व त्यात 'शत्रू' येऊन बसला. सलारियांच्या शौर्याला त्यामुळे उणेपणा येत नाही. प्रश्न ज्या शब्दाने त्यांना तेथे पाठविले त्या शब्दाचा आहे.

१९८७ साली श्रीलंकेत गेलेले सैन्य तर संयुक्त राष्ट्रांचेही नव्हते. दोन सरकारांमधील २९ जुलैच्या कराराने ते गेले. मराठी वृत्तपत्रांनी त्यालाही 'शांतिसेना'च म्हटले. ऑक्टोबरपासून ही सेना ज्यांची शस्त्रे उतरवून घ्यायची त्यांच्याशीच उघड युद्ध करीत होती. मार्च १९९० मध्ये ती परतली तोवर हजारांहून अधिक भारतीय जवान मृत्युमुखी पडले होते. त्यांत मुंबईत जन्मलेले, महार रेजिमेंटचे मेजर रामस्वामी परमेश्वरन होते. त्यांनाही परमवीरचक्रच मिळाले. तेथील तमिळ नागरिकांच्या मृत्यूंचा हिशोब या शब्दाच्या छायेत मराठी वाचकापर्यंत फारसा आलाच नाही. 'सैन्य' म्हटले असते तर कोणाविरुद्ध, कोणत्या अधिकाराने आणि किती काळ, हे प्रश्न साहजिकच विचारले गेले असते. 'शांतिसेना' म्हटल्यावर पवनारची पुण्याई विनासायास पदरात पडली, आणि ते प्रश्न १९९०च्या माघारीपर्यंत लांबले.