पेशीची ओळख : एका शालेय विषयाचे परीक्षण

पुण्याकडे जाणारी गाडी कर्जत सोडून बोरघाट चढू लागली, म्हणजे पळसदरीच्या पुढे 'ठाकूरवाडी' हे नाव दृष्टीस पडते. प्रवासी ते वाचतात. वाडी मात्र त्यांपैकी क्वचितच कोणी पाहिलेली असते. कर्जत व खालापूर या तालुक्यांत डोंगरउतारावर ठाकूर समाजाच्या अशा अनेक वाड्या वसलेल्या असून त्यांतील एकीहून अधिक वाड्यांचे नाव ठाकूरवाडी हेच आहे. तेथील मुलांच्या हाती जे विज्ञानाचे पुस्तक पडले, तेच पुण्यामुंबईच्या मराठी शाळांतील मुलांच्याही हाती पडले. ही समानता आम्हांस स्वागतार्ह वाटते. परंतु सर्वांना एक पुस्तक मिळाले म्हणजे सर्वांना एक ज्ञान मिळाले, असे होत नाही. ते का होत नाही, हे पाहण्यासाठी त्या पुस्तकांतील एकाच विषयाचे परीक्षण येथे योजिले आहे.

1967 साली स्थापन झालेल्या 'बालभारती'ने 2017 साली इयत्ता सातवीचे व 2018 साली आठवीचे सामान्य विज्ञान प्रसिद्ध केले. सातवीत 'पेशीरचना आणि सूक्ष्मजीव' हा पाठ आहे. आठवीत 'सजीव सृष्टी व सूक्ष्मजीवांचे वर्गीकरण' आणि 'पेशी व पेशीअंगके' असे दोन पाठ आहेत. प्रथम गुणाविषयी बोलू. या विषयाची मराठी परिभाषा रेखीव आहे. 'लयकारिका' म्हटले की विघटन घडवून आणणारी, 'रिक्तिका' म्हटले की पोकळी, हे संस्कृताचा थोडा गंध असलेल्यास सहज उमगते. 'दृश्यकेंद्रकी' हा शब्द तर आपला अर्थ आपणच सांगतो : ज्या पेशीचे केंद्रक स्पष्ट दिसते ती.

परंतु आमची शंका नेमकी येथेच उभी राहते. केंद्रक दिसते, पण कोणास? ज्या विद्यार्थ्याने सूक्ष्मदर्शकास कधी डोळा लावला नाही, त्याच्या दृष्टीने हा शब्द आणि एखाद्या अपरिचित गावाचे नाव यांत काय भेद आहे? आमचा आक्षेप पुस्तकात कृती नाहीत असा नव्हे. 'करून पहा' ही सूचना बालभारतीच्या विज्ञानपुस्तकांत ठिकठिकाणी आढळते. आक्षेप असा की, कृती न करताही या विषयात उत्तम गुण मिळविता येतात. पेशीची आकृती काढावी, नावे द्यावीत, वनस्पतिपेशी व प्राणिपेशी यांतील फरक लिहावा, की काम झाले. जेथे यंत्र नाही तेथे चित्र हेच दर्शन होऊन बसते.

शास्त्राचा स्वतःचा क्रम याच्या उलट आहे. रॉबर्ट हूकने बुचाचा पातळ काप पाहिला, त्यातील रिकाम्या कप्प्यांस कोठडीवाचक इंग्रजी शब्द लाविला, आणि ते 1665 साली ग्रंथरूपाने लोकांपुढे ठेविले. प्राणी व वनस्पती पेशींचेच बनलेले आहेत, हा सिद्धान्त श्लायडेन व श्वान यांनी मांडिला तो 1838 व 1839 साली. आणि पेशीपासूनच पेशी उत्पन्न होते, हे फिर्खोचे सूत्र 1855 सालचे. पाहणे आणि समजणे यांत सुमारे दोन शतके गेली. आपल्या मुलास ही दोन शतके आपण दोन इयत्तांत पार करावयास लावतो, तेही त्यांतील पाहण्याचा भाग वगळून.

या इतिहासातील लेव्हेनहूक हा पुरुष वाडीतील मुलांस विशेष जवळचा वाटावा. डेल्फ्ट गावचा हा कापडव्यापारी विद्यापीठात गेला नव्हता आणि त्या काळच्या पंडितांची लॅटिन भाषा त्यास येत नव्हती. स्वतः घासलेल्या एका भिंगातून 1674 साली त्याने तळ्याच्या पाण्यातील जीव पाहिले व आपल्या डच भाषेतच लंडनच्या रॉयल सोसायटीस कळविले. विद्वानांस प्रथम विश्वास बसला नाही. 1677 साली हूकनेच खात्री करून दिली. ज्या मुलाच्या घरची बोली पुस्तकी मराठीहून निराळी आहे, त्यास हे अवश्य सांगावे. त्याची भाषा अडली तरी डोळा अडत नाही.

साहित्य म्हणाल तर वाडीत त्याचा तोटा नाही. कांद्याचा पातळ पापुद्रा आयोडीनच्या थेंबाने रंगविला की विटांच्या भिंतीप्रमाणे रचलेल्या पेशी व त्यांतील केंद्रके दिसतात. डबक्याच्या पाण्यात भाताचा पेंढा काही दिवस भिजत ठेवला की त्यात पॅरामेशियमसारखे जीव धावू लागतात. भातखाचरांत नील-हरित जीवाणू असतात. त्यांपैकी काही हवेतील नायट्रोजन पिकास उपयोगी अशा रूपात आणतात. राहिला सूक्ष्मदर्शक. मूळचे मेरठचे मनु प्रकाश यांनी अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात घडी घालून करावयाचा कागदी सूक्ष्मदर्शक तयार करून 2014 साली जगापुढे मांडला. त्याच्या नेहमीच्या भिंगातून वस्तू सुमारे 140 पट मोठी दिसते; कांद्याच्या पेशीस एवढे पुरे आहे. महागड्या यंत्राची सबब आता चालणारी नाही.

हा केवळ अध्यापनपद्धतीचा वाद असता तर आम्ही लेखणी उचलली नसती. सूक्ष्मजीवांच्या पाठातून मुलीने घरी न्यावयाची गोष्ट एकच आहे : पाणी उकळून प्यावे. ती घरी तसे सांगू लागली आणि आजीने विचारले, "पाणी तर नितळ आहे ग बाय, मग उकळायचं कशाला? आणि लाकडं कोण आणील?" तर आकृती पाठ केलेल्या मुलीपाशी उत्तर नसते. आजीचा प्रश्न अडाणीपणाचा नाही. ती डोळ्यांचा पुरावा मागते आहे आणि सरपणाचा हिशेबही मांडते आहे. दोन्ही गोष्टी शास्त्रीय वृत्तीच्याच आहेत.

येथे शिक्षकाने मात्र जपून असावे. पेंढ्याच्या पाण्यात पोहताना दिसणारे जीव बहुधा निरुपद्रवी असतात. पटकीचा जंतू लांबीला एका मायक्रोमीटरपासून तीन मायक्रोमीटरपर्यंत, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या एक ते तीन पट. तो कागदी यंत्राने ओळखता येणार नाही. तेव्हा 'हे पाहा रोगजंतू' असे सांगणे असत्य होईल. सांगावयाचे ते असे : नितळ दिसणाऱ्या थेंबातही वस्ती असते हे तू पाहिलेस; याहून लहान वस्ती असू शकते, व ती इतरांनी मोठ्या यंत्रांनी पाहिली आहे. विश्वास ठेवण्यास एवढा आधार पुरे होतो.

पाठ्यक्रम मोठा, वर्ग अनेक आणि शिक्षक एक, ही अडचण आम्हांस मान्य आहे. म्हणूनच आमची सूचना लहान आहे. पेशीअंगकांची निम्मी नावे वरच्या इयत्तेकडे ढकलावीत आणि वाचलेल्या तासांत कांदा व पेंढ्याचे पाणी पाहावे. परीक्षेत एक प्रश्न असा असावा की, तू स्वतः जे पाहिलेस त्याचे चित्र काढ. ते चित्र पुस्तकातल्याइतके सुबक निघणार नाही. पण परीक्षकाने गुण देताना पाहणाऱ्याची चूक आणि न पाहणाऱ्याची बिनचूक नक्कल यांतील भेद ओळखावा, एवढीच आमची विनंती आहे.